टोकाच्या गावांचे पाणी: एका प्रादेशिक नळपाणी योजनेला मिळालेल्या सार्वजनिक तांत्रिक सल्ल्याचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील गावे, जिल्हा, महाविद्यालय आणि अधिकारी यांची नावे दिलेली नाहीत. ओळख पटू नये म्हणून लोकसंख्या, अंतरे आणि पाण्याचे आकडे ढोबळ केले आहेत. त्यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण मात्र कायम ठेवले आहे, कारण या प्रकरणातले बहुतेक निर्णय त्या प्रमाणांवरच ठरले.

पार्श्वभूमी

उत्तर कोकणातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेला हा तालुका आहे. पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, पण काळ्या कातळात पाणी फारसे मुरत नाही आणि मार्च उलटला की बहुतेक विहिरी तळ दाखवू लागतात. म्हणून साधारण वीस वर्षांपूर्वी येथे सात गावांची एक प्रादेशिक नळपाणी योजना उभारली गेली. नदीकाठच्या उद्भव विहिरीतून (योजनेचा मूळ स्रोत) पाणी उचलायचे, ऊर्ध्ववाहिनीने टेकडीवरच्या मुख्य संतुलन टाकीत चढवायचे आणि तेथून गुरुत्वाने प्रत्येक गावाच्या टाकीत सोडायचे, असा तिचा आराखडा होता. लोकसंख्या सुमारे 9 हजार आणि पुरवठा दरडोई दररोज 40 लिटर, म्हणजे दिवसाला 3 लाख 60 हजार लिटर पाणी लागेल, असे गृहीत धरले होते.

योजना चालवण्याची जबाबदारी कागदोपत्री सातही ग्रामपंचायतींच्या शिखर समितीकडे होती. प्रत्यक्षात समितीच्या बैठका क्वचित होत, पंपाचे वीजबिल थकले की जिल्हा परिषद मध्ये पडून मार्ग काढी आणि पाणी कोणत्या गावाला केव्हा सोडायचे हे पंप चालवणारा आणि व्हॉल्व्ह फिरवणारा, असे दोन कर्मचारी ठरवत. दोघांचे मानधन अनियमित होते. राज्यातल्या बऱ्याच प्रादेशिक योजनांचे चित्र याहून फार वेगळे नसते, हे येथे नोंदवलेले बरे.

केंद्र शासनाने 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशनची घोषणा केली आणि दरडोई 55 लिटर हे नवे मानक आले. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाने या योजनेसाठी वाढीव योजनेचे अंदाजपत्रक तयार करायला घेतले. नवा पंप, अधिक व्यासाची मुख्य वाहिनी आणि आणखी एक संतुलन टाकी असा त्यात समावेश होता. अंदाजपत्रकाची त्रयस्थ तांत्रिक तपासणी करून घ्यावी असे ठरले आणि ते काम जवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे आले.

महाविद्यालयाच का, हे समजण्यासाठी थोडी माहिती हवी. राज्य शासनाच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाने 2016 मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले. जिल्ह्यातल्या पाणी, ऊर्जा, वाहतूक अशा प्रश्नांवर तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांनी अभ्यास करावा, स्थानिक प्रशासनाला तांत्रिक सल्ला द्यावा आणि या कामाला अभ्यासक्रमात स्थान मिळावे, ही त्यामागची कल्पना होती. आयआयटी मुंबईकडे मार्गदर्शनाची भूमिका होती. त्याआधीही स्थानिक संस्थांसाठी सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या सल्ला यंत्रणा होत्याच. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अनेक दशकांपासून विहिरींच्या पातळ्या मोजते आणि पाण्याच्या उद्भवाबाबत मत देते, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण मोठ्या योजनांचे संकल्पन (डिझाइन) करते, पुण्याची यशदा लोकप्रतिनिधींना आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देते. मात्र बांधून झालेली योजना नीट का चालत नाही, हा प्रश्न घेऊन ग्रामपंचायतीने जावे असे ठिकाण या सगळ्यांत सापडत नाही. खासगी सल्लागार अंदाजपत्रके करतात, पण त्यांचे मानधन बहुधा प्रकल्पाच्या किमतीच्या टक्केवारीत ठरते. अशा सल्लागाराने पाइप बदलण्याची गरज नसल्याचे लिहिले, तर तो स्वतःचेच मानधन कमी करून घेत असतो. महाविद्यालयाला मिळणारी रक्कम ठरावीक होती आणि ती योजनेच्या किमतीशी बांधलेली नव्हती. पुढे घडलेल्या गोष्टींत या एका मुद्द्याचा वाटा मोठा आहे.

अडचण

टोकाच्या तीन गावांत उन्हाळ्यात नळाला पाणी येत नव्हते आणि एप्रिलपासून टँकर लागत होते. इतर महिन्यांतही पाणी चार-पाच दिवसांनी, तेही बारीक धारेने येई. टाकीजवळच्या दोन गावांना मात्र रोज पाणी मिळे. टोकाच्या गावांनी पाणीपट्टी भरणे जवळपास थांबवले होते आणि जे पाणी येतच नाही त्याची पट्टी कशासाठी, हा त्यांचा सवाल खोडून काढण्यासारखा नव्हता. पट्टी येत नाही म्हणून वीजबिल थकते, बिल थकले म्हणून महावितरण जोडणी तोडते, मग सातही गावे काही दिवस कोरडी राहतात आणि जोडणी परत आली की टाकीजवळची गावे आधी स्वतःच्या टाक्या भरून घेतात. विभागाच्या मते याचे मूळ कारण लोकसंख्या वाढली आणि पाणी अपुरे पडू लागले, हे होते. अंदाजपत्रक त्याच निदानावर बेतले होते.

महाविद्यालयाला दिलेल्या पत्रात अंदाजपत्रकातील दर, परिमाणे आणि संकल्पन तपासून प्रमाणित करावे, एवढेच काम नमूद होते. पाणी खरोखर अपुरे आहे का, हा प्रश्न त्यात नव्हता.

पहिला निर्णय: कोणता प्रश्न स्वीकारायचा

चमूत स्थापत्य विभागाचे दोन प्राध्यापक आणि शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी होते. काम स्वीकारताना त्यांच्यासमोर तीन वाटा होत्या. पत्रात लिहिले तेवढे करून प्रमाणपत्र द्यायचे, ही पहिली आणि सर्वांत सोपी. प्रश्नच चुकीचा विचारला आहे असे कळवून काम नाकारायचे, ही दुसरी. तिसरी वाट अशी की काम घ्यायचे, पण तपासणीआधी सध्याच्या योजनेची मोजणी करायची आणि तिचा निष्कर्ष अंदाजपत्रकावरील अभिप्रायाला जोडायचा.

चमूने तिसरी वाट धरली आणि कार्यकारी अभियंत्यांशी बोलून पत्रात एक कलम वाढवून घेतले. अभियंत्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. आर्थिक वर्ष संपण्याआधी प्रस्ताव पुढे गेला नाही तर तो वर्षभर रेंगाळण्याची भीती होती आणि मोजणीतून भलतेच काही निघाले तर आधीच मान्य झालेल्या गोष्टींचा खुलासा त्यांनाच करावा लागणार होता. अखेर तडजोड अशी झाली की दर आणि परिमाणे यांवरील अभिप्राय वेळेत द्यायचा आणि संकल्पनावरील मत मोजणी संपल्यावर स्वतंत्रपणे द्यायचे. या फारकतीमुळे प्रस्ताव अडला नाही, पण अंतिमही झाला नाही. कलमाच्या दोन ओळींचा हा बदल झाला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

मोजणी आणि तिच्यातून दिसलेले चित्र

पंप ताशी किती पाणी देतो हे पाहण्यासाठी महागड्या यंत्राची गरज पडली नाही. संतुलन टाकीचे सगळे निर्गम व्हॉल्व्ह तासभर बंद ठेवून पातळी किती चढते ते मोजले आणि टाकीच्या क्षेत्रफळाने गुणले. उत्तर आले ताशी सुमारे 40 हजार लिटर. वीज साधारण नऊ तास मिळत होती, म्हणजे दिवसाला 3 लाख 60 हजार लिटर. योजनेने सुरुवातीला जेवढे पाणी देण्याचे ठरवले होते तेवढे पाणी टेकडीवर चढत होते. 55 लिटरच्या मानकाने सुमारे 1 लाख 35 हजार लिटर कमी पडत होते हे खरे, पण टोकाच्या गावांत शून्य का, याचे उत्तर त्या तुटीत नव्हते.

नंतर प्रत्येक गावाच्या टाकीत उतरणारे पाणी मोजले. टाकीजवळच्या दोन गावांची लोकसंख्या एकूण लोकसंख्येच्या तिसऱ्या भागाएवढी होती. ही गावे जवळपास निम्मे पाणी घेत होती. त्यांच्या टाक्यांचे फ्लोट व्हॉल्व्ह कधीचेच निकामी झाले होते, त्यामुळे टाकी भरून वाहत राहिली तरी प्रवाह थांबत नसे. शिवाय काही जोडण्या गावाच्या टाकीतून घेण्याऐवजी थेट मुख्य वाहिनीवरून घेतलेल्या होत्या.

उंचीचा प्रश्न जास्त नाजूक होता. मोबाइलवर किंवा उपग्रहाच्या फुकट उपलब्ध माहितीवरून मिळणाऱ्या उंचीत काही मीटरांची चूक सहज असते. रस्त्याच्या कामात ती कदाचित चालेल, येथे चालणार नव्हती, कारण शेवटच्या गावाची टाकी संतुलन टाकीच्या तळापेक्षा जेमतेम 9 मीटर खाली होती आणि अंतर होते 11 किलोमीटर. म्हणून विद्यार्थ्यांनी दुर्बीण आणि पट्टी घेऊन संपूर्ण वाहिनीची पातळी रीतसर काढली. काम कंटाळवाणे होते आणि त्याने वेळापत्रकाचा सर्वांत मोठा भाग खाल्ला, तरी अहवालातील सर्वांत टिकाऊ भाग तोच ठरला.

या पातळ्या हाती आल्यावर चित्र स्पष्ट झाले. वाहिनीत घर्षणामुळे होणारी दाबाची घट प्रवाहाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. ती प्रवाहाच्या साधारण 1.85 व्या घातात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की घट साडेतीन पटींहून जास्त होते. मूळ आराखड्यात पहिल्या 4 किलोमीटरमध्ये सुमारे 2 मीटर घट धरली होती. टाकीजवळची दोन गावे निर्बंध नसल्याप्रमाणे पाणी ओढत असताना त्या पट्ट्यातला प्रवाह जवळजवळ दुप्पट होई आणि घट 7 मीटरांच्या पुढे जाई. उरलेल्या 7 किलोमीटरसाठी 2 मीटरसुद्धा शिल्लक राहत नसत. टोकाच्या टाकीत पाणी चढत नव्हते ते या हिशेबामुळे. तेथे टोकाच्या गावांचे दुर्दैव नव्हते आणि कोणाचा डावही नव्हता. पंप मोठा केला असता तर संतुलन टाकी लवकर भरली असती, पण त्या टाकीच्या पुढचे वाटप तसेच राहिले असते. विभागाच्या अंदाजपत्रकातली मोठ्या व्यासाची वाहिनी उपयोगी पडली असती, तरी जवळच्या गावांचे तोंड उघडेच ठेवले तर तिचाही फायदा आधी त्यांनाच झाला असता.

दुसरा निर्णय: मोजणी केव्हा करायची

महाविद्यालयाचे सत्र आणि गावातले पाण्याचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. विद्यार्थी मोकळे असतात तेव्हा, जानेवारी-फेब्रुवारीत, विहिरींना पाणी असते आणि नळावरचा ताण कमी असतो. मे महिन्यात खरी परिस्थिती दिसते, पण तेव्हा परीक्षा आणि सुट्ट्या असतात. केवळ फेब्रुवारीच्या आकड्यांवर अहवाल दिला असता तर पहिल्या गावांचा उपसा कमी दिसला असता आणि निष्कर्ष गुळमुळीत झाला असता.

चमूने पातळ्या आणि टाक्यांची मापे फेब्रुवारीत घेतली. प्रवाहाची मोजणी फेब्रुवारीत एकदा आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा केली. मेच्या फेरीसाठी विद्यार्थी अपुरे होते, म्हणून प्रत्येक गावातून एक-दोन तरुणांना टाकीची पातळी दर तासाला लिहून ठेवायला शिकवले आणि त्यांना छोटे मानधन दिले. त्याचा अनपेक्षित फायदा झाला. सातही गावांत आकडे लिहिणारी माणसे गावचीच होती, त्यामुळे नंतर आकड्यांवर वाद झाला नाही. बाहेरच्या तज्ज्ञाने आणलेला आकडा अशा बैठकीत सहज उडवून लावला जातो, हे ज्यांनी शिखर समित्यांच्या बैठका पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

तिसरा निर्णय: एअर व्हॉल्व्हजवळच्या वाडीबद्दल काय लिहायचे

संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत अवघड टप्पा होता.

वाहिनीच्या मध्यावर, चढाच्या जागी एक एअर व्हॉल्व्ह आहे. वाहिनीत अडकलेली हवा बाहेर पडावी म्हणून तो बसवलेला असतो. तो मोडलेल्या अवस्थेत होता आणि पाणी सोडले की तेथून सतत पाणी उडत असे. विभागाच्या नोंदीत ही गळती होती आणि तिचे कारण नासधूस असे लिहिले होते. चमू तेथे गेला तेव्हा दिसले की जवळच्या आदिवासी वाडीतील बायका हंडे घेऊन त्या व्हॉल्व्हपाशी पाणी भरतात. वाडी सातपैकी एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत होती, पण मूळ योजनेच्या वाड्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते. तिची विहीर मार्चमध्ये आटत होती. व्हॉल्व्ह दोनदा दुरुस्त झाला होता आणि दोनदा पुन्हा मोडला होता.

मोडका एअर व्हॉल्व्ह केवळ पाणी वाया घालवत नाही. हवा नीट बाहेर पडत नाही, वाहिनीत पोकळी राहते आणि पुढचा प्रवाह अडतो, त्यामुळे टोकाच्या गावांचे नुकसान वाहून जाणाऱ्या पाण्यापेक्षाही जास्त होते. तांत्रिक अहवालात ही गोष्ट लिहिणे भागच होते. प्रश्न होता ती कशी लिहायची. व्हॉल्व्ह दुरुस्त करून त्यावर कुलूपबंद पेटी बसवावी अशी शिफारस नेहमीची आहे, तांत्रिकदृष्ट्या बिनचूकही आहे. तेवढेच लिहिले असते तर वाडीचा एकमेव स्रोत बंद करण्याला सार्वजनिक पैशाने केलेल्या अभ्यासाचा आधार मिळाला असता. उलट, वाडीचा उल्लेख टाळून हा भाग अहवालातून गाळला असता तर टोकाच्या गावांच्या पाण्याचा हिशेबच चुकला असता.

चमूत यावर मतभेद होते. एका प्राध्यापकाचे म्हणणे होते की कोणाला योजनेत घ्यायचे हा ग्रामपंचायतीचा आणि जिल्हा परिषदेचा विषय आहे, सल्लागाराने त्यात पडू नये. दुसऱ्याचे म्हणणे होते की वाडी पाणी घेतच आहे, म्हणजे ती योजनेत आहेच, फक्त तिचे पाणी मोजलेले नाही. अखेर अहवालात वाडीला मागणीच्या तक्त्यात आठवा पुरवठा बिंदू म्हणून दाखवले, तिच्या लोकसंख्येला 55 लिटरच्या मानकाने पाणी धरले आणि व्हॉल्व्हच्या दुरुस्तीची शिफारस वाडीला नळकोंडाळे (सार्वजनिक नळांचा ओटा) देण्याच्या शिफारशीशी बांधली. आधी कोंडाळे, मग व्हॉल्व्ह, हा क्रम स्पष्ट लिहिला. शिफारशींच्या क्रमाला अहवालात सहसा फारसे महत्त्व नसते, पण या एका ठिकाणी क्रम बदलला असता तर शिफारशीचा अर्थच उलटला असता.

तोलले गेलेले पर्याय

मोजणीनंतर चार पर्याय समोर ठेवले गेले. विभागाचे अंदाजपत्रक जसेच्या तसे राबवायचे, हा पहिला. टोकाच्या तीन गावांना प्रादेशिक योजनेतून काढून प्रत्येकी स्वतंत्र विहीर आणि छोटी योजना द्यायची, हा दुसरा. तो गावकऱ्यांना सर्वांत जास्त आवडला होता, कारण त्यात दुसऱ्या गावावर अवलंबून राहावे लागत नव्हते. तथापि भूजल यंत्रणेच्या मते त्या तिन्ही गावांत उन्हाळाभर टिकेल असा उद्भव मिळण्याची शक्यता कमी होती, म्हणून तो मागे पडला. तिसऱ्या पर्यायात आहे ती योजना ठेवून वाटप सुधारायचे होते: प्रत्येक गावाच्या फाट्यावर प्रवाह मर्यादित करणारी छिद्राची चकती, टाक्यांना नवे फ्लोट व्हॉल्व्ह, थेट जोडण्या गावाच्या टाकीवर वळवणे आणि पाणी सोडण्याचे लेखी वेळापत्रक. चौथा पर्याय म्हणजे तिसरा आधी आणि 55 लिटरसाठी लागणारी वाढ नंतर, तीही सुधारित मोजणीवर आधारलेली.

चमूने चौथ्याची शिफारस केली. या पर्यायात त्रुटी होत्या आणि अहवालाने त्या लपवल्या नाहीत. छिद्राची चकती स्वस्त असते, पण ती काढून टाकणेही तेवढेच सोपे असते. वाटप सुधारणे म्हणजे कोणाचे तरी पाणी कमी करणे, आणि ज्यांचे कमी होणार ती दोन गावे शिखर समितीत वजनदार होती.

चौथा निर्णय: अहवाल कोणाला द्यायचा

औपचारिकदृष्ट्या काम जिल्हा परिषदेने दिले होते, म्हणून अहवाल तिच्याकडे जायचा होता. पण ज्या निर्णयांवर शिफारशी अवलंबून होत्या ते ग्रामपंचायतींनी घ्यायचे होते. पेयजल हा 73 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीतील 29 विषयांपैकी एक आहे, थेट जोडण्या तोडण्याचा ठराव ग्रामपंचायतीचाच असतो आणि पाणीपट्टीही तीच ठरवते. अहवाल विभागाच्या कपाटात राहिला असता तर त्याचा उपयोग फक्त अंदाजपत्रकाच्या शेऱ्यापुरता झाला असता.

दुसऱ्या बाजूला विभागाची शंका रास्त होती. कोणते गाव किती पाणी घेते हे सगळ्यांसमोर वाचून दाखवले तर भांडण पेटेल आणि थेट जोडणीवाल्यांची नावे बाहेर आली तर चमूला गावात फिरणे कठीण होईल. यावर निघालेली वाट अशी: गावनिहाय पाण्याचे तक्ते खुले ठेवायचे, थेट जोडण्यांची संख्या आणि जागा द्यायची, पण कुटुंबांची नावे फक्त त्या त्या ग्रामपंचायतीला वेगळ्या बंद पाकिटात द्यायची. अहवालाचा मूळ मजकूर इंग्रजीत होता. त्याचा मराठी सारांश दहा पानांचा केला आणि त्यातले वाटपाचे वेळापत्रक एका पानावर मोठ्या अक्षरांत छापले. व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सूचनेवरून वेळापत्रकात घड्याळाच्या वेळांऐवजी संतुलन टाकीतील पातळीच्या खुणा वापरल्या. वीज कोणत्या वेळी येईल याचा भरवसा नसताना घड्याळ निरुपयोगी होते, हे कार्यालयात बसलेल्या कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

प्रत्यक्ष कृती

शिखर समितीची बैठक गटविकास अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत झाली. टाकीजवळच्या दोन्ही गावांच्या सरपंचांनी सुरुवातीला विरोध केला. चर्चा वळली ती एका साध्या आकड्यावर: त्यांच्या टाक्या भरून वाहून जाणारे पाणी. ते पाणी त्यांच्या गावातही कोणाला मिळत नव्हते, गटारात जात होते. ते सोडायला कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते, म्हणून फ्लोट व्हॉल्व्ह बसवण्याचा ठराव आधी झाला आणि चकत्यांचा नंतरच्या बैठकीत, काही अटींसह. वाडीच्या कोंडाळ्यासाठी संबंधित ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीतून तरतूद केली. त्या निधीतला निम्मा भाग पेयजल आणि त्याच्याशी संबंधित पाण्याच्या कामांसाठीच खर्च करावा लागे, त्यामुळे स्वतंत्र मंजुरी शोधावी लागली नाही. कोंडाळे झाल्यावर एअर व्हॉल्व्ह बदलला.

निष्पत्ती

पुढच्या उन्हाळ्यात टोकाच्या तीनपैकी दोन गावांना एक दिवसाआड पाणी मिळाले आणि त्यांचे टँकर बंद झाले. तिसऱ्या, सर्वांत उंचावरच्या गावाला आठवड्यातून दोनदा पाणी आले, मे अखेरीस टँकर लागलाच. एअर व्हॉल्व्ह शाबूत राहिला. दोन गावांनी पाणीपट्टी पुन्हा भरायला सुरुवात केली, पण जुन्या थकबाकीचा प्रश्न तसाच राहिला.

टाकीजवळच्या एका गावातली चकती पावसाळ्यानंतर काढून टाकलेली आढळली. शिखर समितीने पत्र लिहिले, कारवाई झाली नाही. थेट जोडण्यांपैकी सुमारे निम्म्या टाकीवर वळवल्या गेल्या. ज्या गावात निवडणूक जवळ होती तेथे एकही वळवली गेली नाही.

वाढीव योजनेचे अंदाजपत्रक नव्याने झाले. संपूर्ण मुख्य वाहिनी बदलण्याऐवजी टोकाकडचा एक पट्टा मोठ्या व्यासाचा करणे, उंचावरच्या गावासाठी छोटा पंप आणि मूळ पंपाची क्षमता वाढवणे, एवढ्यावर ते आले. चमूने काढलेल्या पातळ्या विभागाने जशाच्या तशा वापरल्या.

काय वेगळे करता आले असते

मोजणीचे आकडे, नकाशे आणि वाहिनीचे संगणकीय प्रारूप विद्यार्थ्यांच्या संगणकांवर होते. विद्यार्थी पदवी घेऊन गेले आणि वर्षभराने विभागाला बदलाचा परिणाम तपासायचा होता तेव्हा प्रारूप पुन्हा बांधावे लागले. काम देतानाच्या पत्रात अहवालाबरोबर मूळ आकडे आणि प्रारूप सुपूर्द करण्याची अट असायला हवी होती आणि महाविद्यालयानेही ते स्वतःच्या कक्षात जतन करायला हवे होते. सार्वजनिक पैशाने जमवलेली माहिती एका तुकडीबरोबर निघून जाणे ही या प्रकारच्या सल्ला व्यवस्थेतली सर्वांत मोठी गळती आहे आणि तिच्यावर व्हॉल्व्ह बसवणे तुलनेने सोपे आहे.

चकत्या बसवण्याआधी त्या काढल्या तर काय करायचे, हे शिखर समितीच्या ठरावात लिहून घ्यायला हवे होते. अहवालाने तांत्रिक उपाय सुचवला, त्याच्या अंमलाची व्यवस्था समितीवर सोडली आणि ज्या समितीच्या बैठकाच होत नाहीत तिच्याकडून ती अपेक्षा अवास्तव होती. पहिल्या दोन उन्हाळ्यांसाठी जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याकडे देखरेख ठेवण्याची शिफारस करता आली असती.

व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याचे मानधन हा मुद्दा अहवालाच्या शेवटच्या प्रकरणात एका वाक्यात आला आहे. मासिक वीजबिलाच्या तुलनेत ती रक्कम लहान होती आणि संपूर्ण वेळापत्रक त्या एका माणसाच्या रोजच्या फेरीवर अवलंबून होते. तिसऱ्या पर्यायाच्या खर्चात त्याचे नियमित मानधन पाणीपट्टीच्या दरात मिळवून दाखवले असते तर ग्रामपंचायतींना ठराव करताना खरा खर्च दिसला असता. आज हा कर्मचारी दुसरीकडे रोजंदारीवर जातो आणि वेळापत्रक पंप चालवणारा जमेल तसे सांभाळतो.

मेच्या मोजणीसाठी नेमलेल्या गावातल्या तरुणांना पुढे काम दिले गेले नाही. त्यांना टाकीची पातळी लिहिणे येत होते, वेळापत्रकाचे कारण माहीत होते आणि त्यांच्यावर गावाचा विश्वास होता. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समित्यांनी त्यांना नोंद ठेवण्याचे काम कायम दिले असते तर पावसाळ्यानंतर काढलेली चकती डिसेंबरपर्यंत कोणाच्या लक्षात न येण्याचे कारण उरले नसते.